पितृपक्षाआधी फोडलेलं बाथरूम

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेला, दुपारी अडीच वाजता समता कॉलनीतल्या आमच्या घराचं बाथरूम फोडलं. भोपाळच्या राज्यातून फुटून आमचं नवं राज्य होऊन दोन वर्षं होत आली होती. फोडायला एक मिस्त्री आणि त्याची बायको होती. संध्याकाळपर्यंत तीन भिंती तेवढ्या उरल्या. संडास वेगळा होता, म्हणून अडलं नाही.

बेत वडिलांचा होता. ते रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाले होते. उन्हाळ्यात त्यांची उजवी बाजू लकव्यानं गेली. तेव्हापासून आई त्यांना आंघोळ घालायची. जुन्या बाथरूमला नऊ इंचांची पायरी होती, फरशी घसरडी होती आणि आत बसायला जागा नव्हती. वडिलांनी डाव्या हातानं नवा नकाशा काढला. रेघा वाकड्या होत्या, मापं बरोबर होती. पायरी नाही. भिंतीला लागून अठरा इंच उंच ओटा. डाव्या हाताला लोखंडी दांडी, हातात धरायचा फवारा. पूर्वेला खिडकी. रेडिओसाठी कोनाडा.

"रेडिओ कायले?" मी विचारलं.

"बसून राहीन," ते म्हणाले. लकव्यानंतर ते दोन-तीन शब्दांतच बोलत. "गरम पाण्यात. घाई नाई. दार लावून."

"चाळीस वर्षं झाली लग्नाले, आता लाज आली यायले," आई म्हणाली.

"तू बाहेर जाय."

"काहून? मी कोणी परकी हाय का?"

एकट्यानं, दार लावून आंघोळ करायची, एवढंच त्यांना हवं होतं.

फोडायची तारीख आईनं ठरवली. पितरांच्या पंधरवड्यात नवं काम काढत नाहीत. तो संपेपर्यंत थांबायचं, की आधीच सुरू करायचं, एवढाच प्रश्न होता. "आज फोडलं म्हंजे काम लागलं," आई म्हणाली. "मग मधात पितर आले तरी दोष नाई." मिस्त्री "हव अम्मा" म्हणाला. मी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी टाइल्स आणायला निघालो, तर आईनं फाटकापाशी अडवलं. "फोडाले चालते, घ्याले नाई चालत. पितरांत नवी वस्तू घरात आणते का कोणी?" सिमेंटही त्यातच धरलं गेलं. पंधरा दिवस काहीच आलं नाही.

त्या दिवसांत आंघोळीची सोय मागच्या अंगणात, नळाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर केली होती. खुर्चीवर रात्रीतून उरला या कारखान्यांच्या भागाकडून आलेली काळी धूळ बसली होती. आईनं ती आधी पुसून घेतली. शेजाऱ्यांनी त्याच वर्षी वरचा मजला चढवून भोपाळहून बदलून आलेल्या एका अधिकाऱ्याला भाड्यानं दिला होता. त्यांची बाल्कनी आमच्या अंगणावर येत होती. पहिल्याच दिवशी तिथे एक बाई कपडे वाळत घालत होती. तिनं मान वळवली आणि आत निघून गेली. वडील पुन्हा अंगणात गेले नाहीत.

आई खोलीत अंग पुसू लागली. आठवड्यानं त्यांनी तेही बंद केलं. ओलं फडकं घेऊन स्वतःच पुसत. डाव्या हातानं उजवी बाजू पुसता येत होती. डावा हात आणि पाठ तशीच राहत होती.

नवरात्रात टाइल्स आल्या. मिस्त्री दोन दिवस आला, त्यानं चौथी भिंत उभी केली आणि ओटा बांधला. मग नव्या सरकारी बंगल्यांच्या कामावर गेला. शहरात तेव्हा सगळीकडे बांधकाम सुरू होतं. दुसरा मिस्त्री मिळाला नाही. दिवाळीनंतर तो सांगायला आला, "धान लू के आहूं भैया." धान कापायला गावी चालला होता. वडिलांनी खोलीतून विचारलं, "कधी?" पंधरा दिवस, मी सांगितलं. त्यांनी कॅलेंडर मागून घेतलं आणि उशाशी ठेवलं.

त्यांच्या पाठीवर पुरळ उठलं होतं. कॉलनीतल्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि रोज आंघोळ घाला म्हणून सांगितलं. "ऐकलं का?" आई त्यांना म्हणाली. "बाथरूम झाल्यावर," ते म्हणाले.

कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांना दुसरा झटका आला. अकरा दिवस दवाखान्यात होते. घरी आणलं तेव्हा बोलता येत नव्हतं, बसवलं तर तोल राहत नव्हता.

मिस्त्री ठरल्यापेक्षा आठवडाभर उशिरा परतला. काम नऊ दिवसांत झालं. दांडी, फवारा, खिडकी, कोनाडा, सगळं नकाशाप्रमाणे होतं. ओटा मी टेपनं मोजला. अठरा इंच भरला.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी साडेनऊला वडिलांना तिथे पहिली आंघोळ घातली. ओट्यावर बसवता आलं नाही. पाठ टेकायची खुर्ची आत नेली. मी खांदे धरले, उरलेले पैसे न्यायला आलेल्या मिस्त्रीनं पाय धरले, आईनं पाणी घातलं. "गरम हाय ना? जास्त तर नाई?" तिनं दोनदा विचारलं. त्यांनी डोळे मिटलेले होते. आंघोळीला वीस मिनिटं लागली. खुर्चीचे मागचे दोन पाय चौकटीबाहेर होते, म्हणून दार उघडं ठेवावं लागलं.