कडू कंदांची टोपली

स्वयंपाकघरात मी कुणाचं ऐकून घेत नसे. आता नातसुना यावरून माझी थट्टा करतात आणि मीही त्यांच्याबरोबर हसते. पण एकोणीसशे साठच्या आसपास मुरबाडला जे घडलं, तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

लग्न होऊन मी नगरकडून मुरबाडला आले आणि मला तिथलं काहीच पसंत पडलं नाही. हवा दमट, भाकरी तांदळाची, आणि आम्हा ख्रिस्ती लोकांना देऊळ तर नव्हतंच. माझ्या माहेरी दगडी देऊळ होतं, त्याला घंटा होती. इथे आमची मंडळी भातगिरणीमागच्या पडवीत उपासनेला बसायची, कारण रविवारी गिरणी बंद असे. गीतांचं पुस्तक उघडलं की मांडीवर कोंडा सांडायचा. माझे यजमान पाळक. मुरबाड आणि शहापूर अशा दोन मंडळ्या त्यांच्याकडे होत्या. एक रविवार इथे, एक रविवार तिकडे. दोन्ही मिळून तीसएक माणसं. बहुतेक माझ्यासारखी, नोकरीपायी घाटावरून आलेली. आमचे आजे-पणजे वेशीबाहेर राहत होते, गावच्या विहिरीवर त्यांना पाणी मिळत नसे. पण ते आम्ही कुणी काढत नव्हतो. आमच्या पायात आता चपला होत्या आणि पोरं शाळेत जात होती.

पडवीच्या उंबऱ्यावर एक कातकरीण येऊन बसायची. टोकावड्याच्या रस्त्याला तीन-चार मैलांवर तिची वाडी. डोक्यावर मोळी घेऊन पहाटे निघायची, बाजारात मोळी टाकायची आणि रिकामी चुंबळ हातात धरून आमच्या उंबऱ्यावर टेकायची. वय चाळीसही असेल, साठही असेल. आत ये म्हटलं तर म्हणे, "हितं वारा हाय." दुसऱ्यांदा तिला कुणी म्हणतही नसे.

मला ती आवडत नव्हती. खरं तेच सांगते. एक म्हणजे ती मला अगं-तुगं करायची. "बाय, पानी दे गो." मी पाळकाची बायको! यजमान म्हणायचे, "ती देवाशीही असंच बोलते. तूसुद्धा प्रार्थनेत देवाला अहो-जाहो करत नाहीस." त्यांचं खरं होतं, म्हणून तर जास्तच राग यायचा.

त्या पावसाळ्यात तिने यजमानांना गाठलं आणि म्हणाली, "मला पन तुमच्या पान्यात घाल." म्हणजे तिला बाप्तिस्मा हवा होता. का, असं विचारल्यावर म्हणाली, "तुमचा देव गोठ्यात जन्मला म्हनतंस ना? मंग त्यो आमच्यातलाच." यजमानांचे डोळे भरून आले. मंडळीच्या पंचांचे काही भरले नाहीत. पण नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून नाताळात पाहू असं ठरलं.

भातकापणी झाली की आमच्यात उपकारस्तुतीचा सण असतो. ज्याने त्याने आपल्या पिकातलं पहिलं देवापुढे आणून ठेवायचं. आमच्या मंडळीची रीत अशी, की आणलेलं सगळं त्याच दिवशी एकत्र शिजवायचं, एका पंगतीत जेवायचं, आणि देवाला वाहिलेलं म्हणून पानात कण टाकायचा नाही. त्या वर्षी शहापूरची मंडळीही एस.टी.ने मुरबाडला आली. चूल माझ्याकडे. आणि नगरच्या बाईच्या हाताची चव दाखवायचीच, असा माझा पण.

सकाळी ती आली. शेत नाही, परसबाग नाही, तरी डोक्यावर टोपली. टोपलीत मातीने माखलेले कंद. मी चुलीपुढे, धुराने डोळे लाल, शहापूरच्या बायका मसाला कुठे विचारताहेत. ती माझ्या पाठीशी उभी राहून सांगू लागली, "बाय, ह्ये आज शिजवू नको गो. कडू हायत. चिरून राख लावून वाहत्या पान्यात ठेवाया लागतंत. मी सांजच्याला नेतंय व्हाळावर." मी मान न वळवता म्हटलं, "हो हो, ठेव तिकडे." शब्द कानावर पडले होते, पण माझं लक्ष डाळीकडे होतं.

दुपारी भाजी कमी पडली. टोपली समोर होती. बाजारात मिळतात तसलेच कंद, असं मी समजले. सोलले, फोडी केल्या, चिंच-गूळ घातला, मसाला जास्त टाकला.

पहिला घास घेतला तेव्हाच पंगतीने पाण्याकडे हात नेला. भाजी कडू होती. पण वाहिलेलं अन्न टाकणार कोण? शहापूरचे एक मास्तर डोळे मिटून गिळत होते. कंपाउंडर, जे आमचे मुख्य पंच, त्यांनी तर मला बरं वाटावं म्हणून पुन्हा वाढून घेतली. कुणीही, अगदी कुणीही, पान पुसायचं सोडलं नाही. अर्ध्या तासाने सगळ्यांचे घसे खवखवायला लागले, आणि मग गिरणीच्या मागे ओळीने माणसं ओणवी झाली. यजमान आशीर्वाद देता देता बाहेर पळाले. दिवेलागणीपर्यंत ताक पिऊन पिऊन सगळी सावरली, कुणाला काही झालं नाही. पण शहापूरचे लोक एस.टी.त चढले ते माझा निरोप न घेता.

तिसऱ्या दिवशी पंच आमच्या घरी बसले. कंपाउंडर म्हणाले, "कंद कुणी आणले? तिला ठाऊक नव्हतं कडू आहेत ते? जंगलात जन्म गेला तिचा." दुसरे म्हणाले, मुद्दाम केलं नसेल, पण अशा माणसाला मंडळीत घ्यायचं म्हणजे विचार करायला हवा. यजमानांनी पुष्कळ सांगून पाहिलं. शेवटी ठरलं की बाप्तिस्मा राहू द्यावा आणि तिने काही दिवस येऊ नये.

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. "तिने मला सांगितलं होतं" एवढे चार शब्द. ते माझ्या तोंडापर्यंत आले आणि मी ते गिळले. माझ्या स्वयंपाकाचं हसं होईल, याची मला भीती वाटली. एवढ्यासाठी मी एका बाईचा देव तिच्यापासून तोडू दिला. आजही लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

पुढच्या रविवारी यजमान शहापूरला गेले होते. ती नेहमीसारखी आली. कंपाउंडर उठले आणि म्हणाले, "बाई, आता येऊ नको. तुझ्या कंदांनी माणसं आजारी पडली." ती उभीच राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. मी पुस्तकावरचा कोंडा झटकत राहिले. तिने चुंबळ उचलली आणि निघून गेली.

त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. जेवणाआधी हात जोडले की तीच दिसायची. शेवटी बुधवारी मी टोकावड्याची एस.टी. पकडली आणि तिच्या वाडीपाशी उतरले. समोर सिद्धगडाचा डोंगर, भाताची रिकामी खाचरं, आणि बांधापलीकडे सात-आठ झोपड्या. ती ओहोळाच्या काठी कंद चिरत बसली होती.

"का आलीस गो?" तिने विचारलं. ये, बस, काही नाही.

मी उभ्यानेच म्हटलं, "तू मला सांगितलं होतंस. मग त्यांना का नाही सांगितलंस?"

ती चिरतच राहिली. म्हणाली, "सांगितलं असतं, तर तुला समदी हसली असती."

"मग तुला घालवून दिलं, ते?"

"मी उंबऱ्याव बसतंय. हितं नाय तं झाडाखाली बसंन. तुला तं त्यांच्यात बसायचंय ना रोज." मग म्हणाली, "तुझा नवराच सांगीत व्हता, येशूला धरला तवा त्यो पन गप ऱ्हायला."

मी तिथे चिखलात बसले आणि रडले. लहानपणापासून मी ते वचन ऐकत होते, रविवारच्या शाळेत पोरांकडून पाठ करून घेत होते. या बाईने ते उंबऱ्यावरून एकदा ऐकलं आणि माझ्यासाठी खर्चून टाकलं. मला तिच्यावर प्रेम करावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी तिची भीतीही वाटली.

तिने माझं रडणं फार चालू दिलं नाही. "पुरं गो," म्हणत हातात विळा दिला. कंद कसे पातळ चिरायचे, राख कशी चोळायची, टोपलीत भरून वर दगड ठेवून वाहत्या पाण्यात कसं सोडायचं, सगळं करून घेतलं. किती वेळ ठेवायचं, असं मी विचारलं. "कडू जाईपातुर," ती म्हणाली. झोपडीत आदल्या दिवशीचे धुतलेले, उकडलेले काप होते. मी घास घ्यायला कचरले तेव्हा तिने आधी आपण खाल्ला. मीठ लावलेल्या बटाट्यासारखे लागले. एवढे कडू कंद असे होतात, तर माझंही काही होईल असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. दगडी देवळात, घंटेखाली बसून मला असं कधी वाटलं नव्हतं.

निघताना मी म्हटलं, "रविवारी ये." ती म्हणाली, "नको म्हनलंय ना त्यांनी?" मी म्हटलं, "तू ये."

घरी येऊन यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? ज्यांच्या पोटात ढवळलं त्यांना सांग."

त्या काळी बायका मंडळीत उभ्या राहून बोलत नसत. रविवारी पहिलं गीत संपलं आणि मी उभी राहिले. ती बाहेर होती. उंबऱ्यावरही नाही, अंगणातल्या आंब्याखाली. मी म्हटलं, "कंद शिजवू नको असं तिने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आणि तिच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसले. दोष माझा आहे."

कंपाउंडर सावकाश उठले. मला वाटलं, आता हे माझी खरडपट्टी काढणार. ते म्हणाले, "पाळकीणबाई, मी ती भाजी दोनदा घेतली होती." आणि स्वतःच फस्सकन हसले. सगळी पडवी हसायला लागली, यजमानांचे खांदे हलायला लागले. हसं झालं माझं, ज्याला मी एवढी भ्याले होते ते झालं, आणि त्याने मला काहीही झालं नाही.

हसू ओसरल्यावर कंपाउंडर अनवाणीच अंगणात गेले. आंब्याखाली जाऊन तिच्यापुढे वाकून काहीतरी बोलले. काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. परत आले तेव्हा ती त्यांच्या मागून येत होती. उंबऱ्यापाशी सवयीने थांबली. मी सरकले आणि माझ्या शेजारच्या चटईवर हात ठेवला. ती आत आली.

नाताळात तिचा बाप्तिस्मा झाला, तिच्याच ओहोळात. पुढे पुष्कळ वर्षं ती उपकारस्तुतीला टोपली आणत राहिली. टोपली देवापुढे ठेवली की थेट चुलीपाशी यायची, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची आणि विचारायची, "ऐकतंस ना गो?" मग पहिल्यापासून सगळं सांगायची: चिरायचं कसं, राख किती, पाणी कुठलं. डाळ उतू जात असे. मी पळी खाली ठेवून सगळं ऐकून घ्यायची.