भिंतीवरच्या खोक्यातले भायाजी

एका माणसाने दुसऱ्याला आयुष्यात किती वेळा हादरवावं याला काही मर्यादा असते, असं मला लग्नाआधी वाटायचं. आमच्या भायाजींनी माझी ती समजूत सासरच्या पहिल्याच सकाळी मोडून काढली. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भाया म्हणतात. भायासमोर धाकट्या भावजयीने डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि समोरासमोर बोलायचं तर नाहीच. काही सांगायचं असलं तर सासूबाईंना सांगायचं, त्या पुढे पोचवतात. हे सगळं मी माहेराहून, धर्मापुरीहून, पाठ करून आले होते. घाटनांदूरच्या त्या घरात पहिल्या दिवशी अंधारात उठून मी चुरमुऱ्यांची सुशीला केली. भायाजी आले, मान खाली घालून खाल्ली, हात धुतले आणि एक शब्द न बोलता दुकानाला गेले. किती शांत, किती देवमाणूस, असं मी मनात म्हणत होते, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं एक लाकडी खोकं खाकरलं. "मंडळी, न्याहारीला बसा," खोकं म्हणालं. "पहिली बातमी आमच्याच घरची. धर्मापुरीहून नवीन सूनबाई आल्यात. सुशीला झकास हाय. मीठ तेवढं धर्मापुरीलाच राह्यलंय. दुपारच्या गाडीनं येईल, असा अंदाज हाय." माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. शेजारच्या घरातून हसण्याचा आवाज आला, मग त्याच्या पलीकडच्या, मग समोरच्या. नवी नवरी गावात येऊन एक रात्र उलटली नव्हती आणि तिचं मीठ गावभर झालं होतं. मी तिथेच भुईवर बसले. सासूबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "सवय हुईल. मला बी लई दिस लागले."

भायाजींचं बसस्टँडसमोर रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, लग्नाकार्याला भोंगेही तेच लावत. त्यातून त्यांना हा नाद लागला. जुन्या रेडिओंचे स्पीकर काढून त्यांनी स्वतः खोकी ठोकली, आणि दुकानापासून लिंबाच्या झाडांवरून, पत्र्यांच्या कडेकडेने घरोघर तार ओढली. रोज सकाळी लोक न्याहारीला बसले की ह्या तारेतून भायाजी घरात यायचे ते जेमतेम अर्धा तास, पण गाव त्या अर्ध्या तासावर चालायचं. गंमत अशी, की माईकपासून उठलेला हा माणूस अक्षरशः मुका होता. त्यांना मुली दाखवायला तीनदा नेलं, तिन्ही वेळा ते खाली बघत बसले आणि पोहे संपवून परत आले, म्हणून लग्न राहिलं ते राहिलंच. माईकपुढे बसताना मात्र अंघोळ, कपाळाला भस्माचे पट्टे, धुतलेला शर्ट, आणि आवाज बसू नये म्हणून भर उन्हाळ्यातही गळ्याला मफलर. तुम्हाला बघतंय कोण, असं एकदा माझ्या नवऱ्याने विचारलं. "माईकम्होरं बसायचं म्हंजी गावाम्होरं बसायचं. गावाम्होरं कुनी पारोसं बसतं का?" एवढं बोलून ते पुन्हा आठवडाभर गप्प झाले.

कार्यक्रमाला त्यांनी 'झाडाझडती' असं नाव दिलं होतं. त्यात काय नसायचं! "अंबाजोगाईची पहिली गाडी आज टायमावर आली. त्याच्यामुळं सगळ्या परवाशांची गाडी हुकली." मग हवामान: "पाटलाच्या गोठ्याकडून वादळ येन्याची शक्यता. म्हैस सुटली हाय." मग सरपंचांच्या शेळीची मुलाखत, प्रश्न भायाजींच्या आवाजात आणि उत्तरं शेळीच्या. शेळीने सांगितलं की नळयोजनेची फाईल मीच खाल्ली, पण पचली नाही. त्या सकाळी आता हा माणूस मार खातो म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते. दुपारी सरपंच खरंच दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या वाड्यावर बी एक खोकं टाका बे, शेजारी जाऊन ऐकावं लागतंय." तो काळच असा होता की रोज काहीतरी नवीन गावात येऊन थडकत होतं. दुकानांच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकल्या, पिवळ्या पाटीचा फोनबूथ आला, आणि एके दिवशी कुठल्याशा धुण्याच्या पावडरचा टाय लावलेला माणूस भायाजींना शोधत आला. जाहिरात करा म्हणाला. भायाजींनी पावडर ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी गावाला सांगितलं, "ह्या पावडरीनं माझ्या शर्टाचा डाग गेला. मग शर्ट बी गेला." टायवाला स्टँडवरच चहा पीत हे ऐकत होता. तो कपबशी टाकून पहिल्या गाडीत चढला, आणि ती कुठे जाते हेही त्याने विचारलं नाही म्हणतात.

एक गोष्ट मात्र कोणालाच उलगडत नव्हती. विनोद झाला की खोकं घोटभर चहा पिण्याइतका वेळ गप्प व्हायचं आणि मग पुढे चालू लागायचं. जो विनोद पडला असेल तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन यायचा आणि बरोबर हसवायचा. माझं तर वेगळंच चाललं होतं. समोरासमोर तोंड उघडायची बंदी, म्हणून मी खोक्याला उत्तरं द्यायचे. "आज आमच्या घरी भाकरी अशी जाड, की दोन्ही बाजूंनी वेगवेगळी शिळी झाली," असं खोकं म्हणालं की मी तव्यावरून ओरडायचे, "मग स्वतः थापा की! देवाने दोन हात दिलेत!" आणि दुसऱ्या दिवशी खोकं गंभीरपणे सांगायचं, "काही घरात बाप्यास्नी भाकरी थापायला सांगन्यात येतंय. बाप्यांनी सावध राहावं." सासूबाईच चुगल्या करतात अशी माझी खात्री होती, आणि त्या बिचारीचा मी पाच वर्षं मनातून राग राग केला.

मग ती सकाळ आली. भायाजी शेळीच्या आवाजात बोलत होते आणि वाक्याच्या मधोमध थांबले. खोकं नुसतं खरखरत राहिलं. थोड्या वेळाने आमच्या दारावरून कोणी धावत गेलं, बघते तर भायाजी, अनवाणी, मफलर एका खांद्यावर लोंबतोय. गल्लीच्या टोकाला एक मेंढरं राखून म्हातारी झालेली बाई एकटी राहायची. तिचा मुलगा पुण्याकडे कारखान्यात लागला होता. भायाजींनी खांद्याने तिचं दार फोडलं. म्हातारी न्हाणीत घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलेलं, हाक मारायलाही जोर उरला नव्हता, नुसती कण्हत होती. त्यांनी तिला जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेलं, आणि डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. संध्याकाळी देवळापुढच्या पारावर गावाने भायाजींना हार घातला, नारळ दिला. माझे मालक तिथे होते, त्यांनीच घरी येऊन सगळं सांगितलं. हार घालून झाल्यावर पिठाच्या गिरणीवाला सहज म्हणाला, "पर म्हातारी तिकडं, आतून कडी लावलेली. तुमी तुमच्या दुकानात. तुमाला कळलं कसं?"

माईकपुढे शेळीपासून सरपंचापर्यंत कोणाच्याही आवाजात थापा मारणारा हा माणूस. पण समोर माईक नव्हता, म्हणून खोटं सुचलं नाही. हार गळ्यात तसाच ठेवून त्यांनी सांगितलं, "स्पीकर म्हंजी उलटा माईकच असतो. एकेका घराचं बटण हाय माज्याकडं. ते फिरवलं की तिकडचं इकडं ऐकू येतं."

मग गिरणीवाल्याने विचारलं, "कावून ऐकत होता?"

"हसले का न्हाई, ते कळावं म्हून. हसू ऐकल्याबिगर इनोद सांगता येत न्हाई मला."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं कानावर पडलं. तोंडातून कदी गेलं न्हाई."

हे खरं होतं. आमच्या घराची अब्रू सोडली तर एकाही घराची आतली गोष्ट त्यांनी कधी बाहेर सांगितली नव्हती. पण हे लक्षात घ्यायला भानावर असावं लागतं, आणि गावाला असा धक्का मी आजवर पाहिलेला नाही. ज्याला त्याला आठवू लागलं की आपण खोक्याखाली बसून काय काय बोललो. गिरणीवाला स्वतःच्या मेव्हण्याबद्दल जे बोलला होता ते आठवून त्याला जेवण गेलं नाही. शाळेच्या गुरुजींनी घाबरून बायकोला विचारलं, "मी काही वंगाळ बोललो असेन का गं?" ती म्हणाली, "तुमी कुटं बोलता घरात? मीच बोलते." गुरुजींना तेवढाच धीर आला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत विळे-पकडी घेऊन लोकांनी तारा तोडल्या आणि खोकी दुकानाच्या पायरीवर आणून टाकली. जे गाव गटारीच्या उतारावरून सात वर्षं भांडत होतं, त्याने हे काम एकमताने आणि न्याहारीच्या आत उरकलं. महिन्याभरात त्याच झाडांवरून केबलवाल्याची काळी तार गेली. घरोघर रंगीत टीव्ही बोलू लागला आणि तो ऐकत नाही याचं लोकांना मोठं समाधान वाटलं.

फक्त म्हातारीने तार तोडू दिली नाही. पाय प्लास्टरात घालून घरी आल्यावर तिने पकड घेऊन आलेल्यांना बाजेवरूनच हाकललं. "ऐकू दे की त्याला. माजं ऐकायला दुसरं हाय कोन?"

आणि मी? मला आधी माझ्या शिव्या आठवल्या. भायाला, थोरल्या दिराला, मी पाच वर्षं रोज सकाळी तोंडावर बोलत होते! सासूबाईंची मनातल्या मनात क्षमा मागितली. मग आणखी एक आठवलं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी माझं बाळ पोटातच गेलं होतं. दवाखान्यातून परत आल्यावर, घरात कोणी नसताना, मी ह्याच खोक्याखाली बसून रडले होते. नेमका त्याच सकाळी त्यांचा कार्यक्रम संपता संपेना. शेळी झाली, म्हैस झाली, कोंबडा झाला, शाळेची घंटा होऊन गेली, तरी खोकं थांबेना. काळीज आहे का या माणसाला, असं मी मोठ्याने म्हटलंही होतं. शेवटी एक गाढव गाडीत चढलं आणि कंडक्टरशी हाफ तिकिटासाठी भांडू लागलं, "मी खाली मान घालून बसतो, लहानच दिसतो." मला नको असताना हसू फुटलं. त्याच क्षणी खोकं म्हणालं, "आजचा कार्यक्रम हितंच संपला."

आमचे मालक पकड घेऊन स्टुलावर चढले, तेव्हा मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते खाली उतरले.

पण खोकं बोललं नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. भायाजी वेळेवर दुकानाला जायचे, वेळेवर जेवायला यायचे. घरात ते मुळातच बोलत नसल्यामुळे त्यांचं बोलणं बंद पडलंय हे इतर कोणाला कळायलाच मार्ग नव्हता. मला मात्र त्यांच्या पाठीवरून कळायचं. एका सकाळी मी घरात कोणी नाहीसं बघून खोक्यापुढे उभी राहिले आणि डोक्यावर नीट पदर घेतला. लाकडाच्या खोक्यापुढे पदर! मग म्हटलं, "भायाजी, काल सासूबाईंनी टीव्हीतल्या माणसाला जेवायला बोलावलं. शेजारी बातम्या बघायला गेल्या होत्या. बातम्या संपल्यावर त्या माणसाने हात जोडले, तर ह्याही उठल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, आता जेवल्याबिगर जायचं न्हाई."

आणि मी थांबले. घोटभर चहाइतका वेळ थांबले, आणखी थोडा थांबले. खोक्यातून काही आलं नाही. त्यांनी बटण फिरवलं होतं की नाही, ते दुकानात होते की नाही, मला काही कळत नव्हतं, आणि ते न कळणं किती जीवघेणं असतं हे मला पहिल्यांदा कळलं.

दुपारी भायाजी जेवायला आले. सासूबाई वाढत होत्या, मी दाराआड उभी होते. भाकरी मोडता मोडता त्यांनी ताटाकडे बघूनच म्हटलं, "आई, तिला सांग. इनोद चांगला होता. पर शेवट आदीच सांगून टाकला."

"कुनाला? कसला इनोद?" सासूबाई म्हणाल्या. भायाजींनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली, जेवले, हात धुतले आणि दुकानाला गेले.

'झाडाझडती' पुन्हा कधी लागली नाही. मी मात्र ती तार असेपर्यंत रोज सकाळी काही ना काही सांगत राहिले, आणि शेवट शेवटी ठेवायलाही शिकले. दुपारी सासूबाईंमार्फत निकाल यायचा: बरा होता, लांबला, हा कालच्यापेक्षा सरस. आता भायाजी नाहीत, सासूबाईही नाहीत. भायाजींनी मला चुका सांगितल्या, कधीमधी शाबासकीही दिली. पण तिकडे दुकानात एकटे बसून ते हसले होते का, हे कधी सांगितलं नाही, आणि मला तेवढंच ऐकायचं होतं.