चुन्याखालचे हात

इंदापूरच्या मुलींच्या शाळेत मी हंगामी होते. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. शाळा तपासणारे दिपोटी साहेब एक पाठ पाहणार आणि मला ठेवायचे की नाही ते ठरवणार, असे मोठ्या बाईंनी सांगितले, तेव्हाच मी ट्रंक भरायला घेतली. नोकरी गेली तर बारामतीला भावाच्या दारी जायचे. भावजय काही बोलली नसती, पण तिचे ते न बोलणेच मला ठाऊक होते.

पाठ गावच्या इतिहासाचा होता. पुस्तकातला इतिहास सांगताना माझा आवाज बसतो, म्हणून मी पेठेतल्या सरदारांच्या घरात पाठ घेण्याची परवानगी मागितली. मालक बडोद्याला राहत. पुढचे दालन आणि माजघर मात्र त्यांनी होते तसे राखून गावाला पाहायला खुले ठेवले होते. देखभालीला एक तात्या होते. त्या घरात नवी सून आली की तिच्या हाताला काव फासून माजघराच्या भिंतीवर पंजा उमटवीत. कितीतरी पिढ्यांचे तांबडे पंजे तिथे होते. आधी एकदा मी मुलींना नेले, तेव्हा त्या आपापले हात त्यांवर ठेवून मापत बसल्या. पाठ याच भिंतीवर घ्यायचा, असे मी तिथेच ठरवले.

पाठाच्या दिवशी साहेबांच्या मागून माजघरात शिरले आणि भिंतीकडे पाहिले. भिंत पांढरीफेक होती.

"सायेब येनार म्हून चुना मारला, बाई," तात्या हळूच म्हणाले. शाबासकीची वाट पाहत होते. "लई डाग हुतं. तुमचीच लाज गेली असती."

त्यांना काय बोलणार? पाहुणा यायचा म्हटले की आमच्याकडे पहिला हात भिंतीवरूनच फिरतो.

साहेब खुर्चीवर बसले. "हं, करा सुरू."

 मी मुलींकडे वळून विचारले, "इथं काय होतं?"

"हात," सगळ्या म्हणाल्या.

"कुठे आहेत हात?" साहेब म्हणाले.

मळ्यातून येणारी एक मुलगी उठली आणि तिने भिंतीला पंजा लावला. "हितं एक हुता. माज्याएवढाच."

"तुजा न्हाय, माजा बसला हुता त्यात," दुसरी म्हणाली. "तुजी बोटं आखूड."

मळ्यातली मग खाली वाकली. "आन् हितला समद्यांत बारका. आमच्यात कुनाचाच बसंना."

"एवढी लहान सून?"

"व्हय सायेब. माजी आई बी एवढीच आलीवती. मला बी यंदा बघून गेल्यात."

साहेब तिच्याकडे पाहतच राहिले. मी घाबरून विचारले, "ती सून इथं आली तेव्हा तिला काय वाटलं असेल गं?" मग मुली थांबेनात. कुणी म्हणे रडली असेल, कुणी म्हणे सागरगोटे आणले असतील लपवून. तात्या दारात उभे होते. "म्हंजी मी सुनाच पुसल्या व्हय," ते पुटपुटले.

निघताना साहेबांनी बरे-वाईट काहीच सांगितले नाही. पायरीवर थांबून एवढेच विचारले, "भिंत तर गेली. पुढच्या वर्षी मुलींना काय दाखवाल?"

मी मुलींची रांग लावून शाळेकडे निघाले. पुढच्या वर्षी, असे ते म्हणाले होते, हे घरी पोचल्यावर ध्यानात आले. बारामतीला न्यायची ट्रंक मी भरून ठेवली होती. ती उघडली. लुगडी मात्र बाहेर काढायचा धीर झाला नाही.