लाल रेघेखालचं पाणी

माझा धाकटा भाऊ नदी मोजायचा. एकवीस वर्षं हेच काम. पुलाच्या मधल्या खांबावर रंगवलेली पट्टी वाचायची, आकडा कचेरीत कळवायचा आणि आठवड्यातून एकदा दोरीला शिशाचा गोळा बांधून तळ किती खोल आहे ते बघायचं. लोक त्याला 'पट्टी'च म्हणत. बोलायलाही तसाच, सरळसोट. अशा माणसाचं कुणाशी पटतं का? माझ्याशीही पटायचं नाही.

खांबावर एक लाल रेघ होती. पाणी तिला टेकलं की पूल बंद, हा आमच्या बापाच्या वेळचा नियम. तेव्हा नदी वर्षभर वाहायची. आता पाऊस महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाही, आणि येतो तेव्हा चार तासांत सगळं ओतून मोकळा होतो. मधल्या कोरड्या दिवसांत वाळूवाले मशिनं घालून पात्र खरवडतात. माझा मुलगा त्यांच्याच ट्रकवर ड्रायव्हर.

यंदा भावाच्या दोरीला तळ पूर्वीपेक्षा तीन मीटर खाली लागला. त्याने मला ताट आणि पातेलं समोर ठेवून समजावलं. "ताई, ताटात काठाला लागणारं पाणी पातेल्यात ओतलं तर खालीच राहणार ना? नदी रेघेला टेकेपर्यंत खांबाचा पाया उखडलेला असेल." कचेरीला पाच पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. मग हा शहाणा स्वतःच शिडी लावून तीन मीटर खाली नवी लाल रेघ मारून आला.

रेघ खाली आली म्हणजे थोड्या पाण्यातही ट्रक अडणार. वाळूवाल्यांची चार पोरं भरदुपारी त्याच्या घरात शिरली. त्याचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून फावड्याच्या दांड्याने बोटं ठेचली. हात दाबून धरणारा माझा मुलगा होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो माझ्याच पोटी आला. आणि मी काय केलं? भावालाच म्हणाले, "कुणी सांगितल्या होत्या नसत्या उठाठेवी?" नवी रेघ त्यांनी डांबर फासून बुजवली.

अठरा दिवसांनी डोंगरात ढग फुटला. सकाळी मी मुलाचा डबा घेऊन पुलाशी गेले, तर नदी झाडं मुळांसकट ओढून आणत होती. पुलाची थरथर पायाला कळत होती. पहारेकरी मात्र खांबाकडे बोट दाखवत होता. "रेघेला अजून दोन हात बाकी आहेत. सोडा गाड्या."

रांगेत पहिला ट्रक माझ्या मुलाचा. समोर भाऊ उभा, उजवा हात प्लास्टरमध्ये.

"मामा, बाजूला हो. एक हात उरलाय, तो तरी सांभाळ," मुलगा हसत म्हणाला आणि त्याने गाडी पुढे घेतली.

भावाने डाव्या हाताने रस्त्याकडेची पहार उचलली आणि काच फोडली. दार उघडून भाच्याला कॉलर धरून खाली ओढलं. पोरगा उठला आणि मामाच्या प्लास्टरवर लाथा घालू लागला. तेव्हा भावाने पहार त्याच्या खांद्यावर हाणली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मी धावले आणि भावाच्या तोंडावर बुक्क्या घातल्या, रक्त येईपर्यंत. माझ्या लेकराला मारतो म्हणजे काय?

तेवढ्यात मागचा ट्रक आम्हाला वळसा घालून पुलावर गेला. त्यात मुलाचा जिवलग मित्र होता, दांडा चालवणारा. मधला खांब खचला, पूल मोडला आणि ट्रक त्याच्यासकट खाली गेला. पाणी तेव्हाही रेघेच्या दोन हात खालीच होतं.

दवाखान्यात मामा-भाच्याच्या खाटा शेजारी आल्या. दोघांचेही उजवे हात बांधलेले, म्हणून मी ताट घेऊन मध्ये बसले. आधी कुणाला भरवावं तेच कळेना.

"आधी मामाला," मुलगा भिंतीकडे बघत म्हणाला.

मी घास पुढे केला. माझ्या बुक्क्यांनी सुजलेलं त्याचं तोंड उघडेना.