तिच्यापुढं विषय काढायचा नाही

मी वर्गशिक्षिका होते त्या नववीच्या वर्गात दोघी जुळ्या बहिणी होत्या. अकोले तालुक्यातल्या डोंगरावरच्या एका गावातून जीपनं शाळेत यायच्या. एक बडबडी, दुसरी तिच्या बोलण्यावर नुसती हसणारी. हजेरीत बडबडीचा नंबर बावीस, दुसरीचा तेवीस.

भाताच्या आवणीत, रोपं लावताना, बडबडीला साप चावला. दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही ती. शाळेत आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो आणि तिसऱ्या तासाला ठरलेली चाचणी घेतली. दुसरी परत यायची होती, तेव्हा मुख्याध्यापकांनी आम्हा शिक्षकांना बजावलं, "तिच्यापुढं विषय काढू नका. विसरेल हळूहळू."

मला तर सुटल्यासारखंच वाटलं. काय बोलावं हे मला तरी कुठं ठाऊक होतं? वर्गातल्या मुलींनाही मी तेच सांगितलं. चुकून काही निघायला नको म्हणून मुली मग तिच्याशी बोलेनाशाच झाल्या. मधल्या सुट्टीत ती एकटी डबा खायची. मी रोज बघत होते.

दिवाळीनंतर मी हजेरीपत्रक नव्यानं लिहिलं. एक नाव गळलं आणि खालची सगळी वर सरकली. पहिल्या दिवशी मी "बावीस" म्हटलं, उत्तर नाही. ती समोरच बसली होती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी चिडले.

"लक्ष कुठं असतं तुझं? गैरहजेरी मांडू का?"

ती उभी राहिली. "मॅडम, त्यो तिचा नंबर हाय."

मी मान खाली घातली आणि पुढचा नंबर घेतला. तासानंतर तिला जवळ बोलवायचं ठरवलं होतं, पण ऑफिसातून बोलावणं आलं आणि राहून गेलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

दोन आठवड्यांनी एका रविवारी मी तिच्या घरी गेले. आई म्हणाली, "शाळंचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हनती. डाक्टरला दावलं, काय न्हाई निघालं."

ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसले. तिच्याबरोबर खडे वेचता वेचता विचारलं, "घरी पण तेवढीच बडबड करायची का गं ती?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "लई," म्हणाली. मग थांबलीच नाही. "कदी कदी माझी हजेरीबी तीच द्यायची. तुमाला कळायचं न्हाई." बोलताना हसलीसुद्धा. मग म्हणाली, "शाळेत कुनीच तिचं नाव घेत न्हाई, मॅडम. जनू ती नव्हतीच."

मला रडू आवरेना. तीच उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "येशील परत?"

"न्हाई जमायचं."

सोमवारी मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. मग दोघं मिळून तिच्या घरी गेलो, पण तोवर मामानं तिला पुणतांब्याला नेलं होतं. ती दहावीला बसली नाही. तिकडं पेरूच्या बागेत कामाला जाते, असं आईकडून कळलं.

आता आमच्या शाळेत कुणाच्या घरी असं काही घडलं, की पहिल्या आठवड्यात मी त्या घरी जाते आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन विचारते. वर्गातल्या मुलांनाही घेऊन जाते. पोरं रडतात, बोलतात, काही दिवसांनी वर्गात परत येतात. पोरं अशी परत आली की मला बरं वाटतं, आणि त्याच वेळी फार वाईटही वाटतं.