पैलवान कात टाकत होता, मग वाजवलं कोणी?

मी एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम्स बघते. म्हणजे लोक जे सांगतात त्यावर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. या कॉलममधले बाकीच्यांचे अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगू का... वाचताना मनात चालू असतं – कागद कुठेत? शेजाऱ्यांना विचारलं का? त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय याचं माझ्या नवऱ्याला फार हसू येतंय. हसू दे. मी घडलं तसं सांगते.

आम्ही डोंबिवली ईस्टला राहतो. दुसरा मजला, दोन खोल्या आणि हॉल. अमेयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, समुद्राच्या पाण्याच्या अ‍ॅक्वेरियमचा नाद आहे. गोड्या पाण्यातले मासे पाळणारे लोक त्याला बालवाडीतले वाटतात. आमच्या बाथरूममध्ये कायम दोन बादल्यांत समुद्र कालवलेला असतो – फिल्टरचं पाणी, त्यात विकतचं मीठ, मग खारटपणा मोजायचा, मग कमी-जास्त करायचं. मी एवढी काळजी कधी आमटीची घेतली नाही.

गेल्या वर्षी त्याने कल्याणच्या हेमंतकडून प्रवाळाचा एक दगड आणला. हेमंत म्हणजे अमेयचा मित्र, खाऱ्या पाण्यातल्या जनावरांचा धंदा करतो. दगड टाकीत ठेवला आणि आठवड्याभरात आमच्या गोगलगायी गायब व्हायला लागल्या. नुसते फुटके शंख खाली पडलेले. आणि हॉलमध्ये मधूनच आवाज – टक्! जसं कोणी नखाने काचेवर टिचकी मारावी.

"आयला, मॅंटिस श्रिंप आलाय दगडातून!" हेमंत फोनवर म्हणाला. "अमेय, काढ त्याला. सगळी टाकी साफ करेल तो."

अमेयने काढलं, पण फेकलं नाही. त्याच्यासाठी वेगळी छोटी टाकी घेतली. प्राणी केवढा, तर माझ्या करंगळीएवढा. हिरवट, कोळंबीचा लांबचा भाऊ म्हणा. पण पुढचे दोन हात गदेसारखे, आणि ते अशा वेगाने मारतो की शिंपला फुटतो. डोळे दांडीवर, एक इकडे बघतो, एक तिकडे. आम्ही त्याचं नाव ठेवलं पैलवान. अमेयने एक पारदर्शक नळी पुढच्या काचेला चिकटवून वाळूत पुरली, तेच पैलवानाचं घर. म्हणजे तो आत काय करतोय ते सगळं सोफ्यावरून दिसायचं.

आमच्या घरात मासे शिजत नाहीत. तरी अमेय दर रविवारी पिशवी घेऊन मासळी बाजारात जायचा आणि तिथल्या मावशींकडे पैलवानासाठी चार तिसऱ्या, म्हणजे छोटे शिंपले, मागायचा. "चार वाटे?" "नाही हो मावशी, चार नग." त्या मावशी अजून त्याच्याकडे बघून मान हलवतात.

आता मुख्य गोष्ट.

माझे बाबा ठाण्याला नौपाड्यात राहतात. आई गेल्यापासून एकटेच. नोकरीतून रिटायर झाले, पण खरा जीव तबल्यात. त्यांनी कधी मोठे कार्यक्रम वगैरे केले नाहीत, पण गल्लीतल्या कित्येक मुलांना घरी शिकवलं. मलाही शिकवायचा प्रयत्न केला. मी चौथीत होते. ताल चुकला की चष्म्यावरून बघून एकच शब्द – "चुकलीस." रागावणं नाही, काही नाही. मी वर्षभरात सोडून दिलं आणि चित्रकलेला गेले, त्यावरही ते काही बोलले नाहीत.

गेल्या पावसाळ्यानंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. हॉस्पिटलमधून सुटल्यावर त्यांना आमच्याकडेच आणलं, कारण नौपाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही, आमच्याकडे आहे. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन हॉलपर्यंत यायला लागले. पण बोलणं – शून्य. आणि डॉक्टर म्हणत होते, त्यांना सगळं कळतंय, प्रयत्न करायला हवा, जितका उशीर तितकं अवघड. स्पीच थेरपिस्ट घरी यायची. चांगली मुलगी. चित्रं दाखवायची – कप, कंगवा, छत्री. "काका, हे काय आहे?" आणि बाबा खिडकीकडे तोंड फिरवायचे. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना शिकवलं, त्याला कंगवा दाखवून काय विचारता... मला ते बघवायचं नाही. एकदा ती जाताना जिन्यात म्हणाली, "ताई, काकांनी मनावरच घेतलं नाही तर माझ्या येण्याचा काही उपयोग नाही." मी दार लावून घेतलं आणि किचनमध्ये जाऊन उगाचच सगळे डबे पुसले.

बाबांची दिवसभराची जागा म्हणजे सोफ्याचं टोक. शेजारी पैलवानाची टाकी. दोघं एकमेकांकडे बघत बसायचे. अमेय म्हणायचा, "दोघंही बोलत नाहीत, पण जमतंय त्यांचं." पैलवान मधूनच टक् करायचा, बाबांची भुवई हलायची. तेवढंच.

मग पैलवानाने खाणं सोडलं. नळीचं तोंड वाळूने बुजवून आत पडून राहिला. अमेय बेचैन. हेमंतला फोन. हेमंत म्हणाला, "कात टाकणारेय. त्याला छेडू नकोस. नवीन कवच कडक होईपर्यंत तो मऊ असतो, आपटू शकत नाही, म्हणून लपतो."

त्याच रविवारी दुपारी अमेय बाबांचे कपडे आणि बाकी सामान आणायला नौपाड्याला गेलेला. जेवणं झालेली. लाईट गेलेले – आमच्याकडे जातात. टाकीला हवा द्यायचा बॅटरीवरचा छोटा पंप बुडबुड करत होता, तेवढाच काय तो आवाज. मी बाथरूममध्ये मिठाच्या बादल्या धूत होते.

आणि मला ठेका ऐकू आला.

आधी वाटलं, वरच्या मजल्यावर कोणी काही ठोकतंय. मग लक्षात आलं, हा तीनताल आहे! सोडून दिला असला म्हणून काय झालं, कान विसरत नाहीत. ओल्या हातांनी मी हॉलच्या दारात आले.

बाबा सोफ्यावर. उजवा हात मांडीवर, जसा कायम असायचा तसा, निपचित. आणि डावा हात... डावा हात सोफ्याच्या लाकडी दांड्यावर वाजत होता. डग्ग्याचे बोल. घुमणारे, भारी. झटका आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच हात ताल धरायला उचलला होता. मला रडूच यायला लागलं. आणि मग जाणवलं, डावा हात तर फक्त अर्धाच ठेका वाजवतो. उरलेला अर्धा, तबल्याचा, जो उजव्या हाताने वाजतो – टक्, टक् – तो पण ऐकू येत होता. स्वच्छ. टाकीतून.

तीनतालात मध्ये एक तुकडा असतो, त्याला खाली म्हणतात. तिथे डावा हात गप्प राहतो, एकटा उजवा वाजतो. बाबांचा हात हवेत थांबला. आणि टाकीतला आवाज एकटाच पुढे गेला... ठोका, ठोका, ठोका. मग बाबांचा हात परत दांड्यावर आला आणि दोघं मिळून पहिल्या मात्रेवर, समेवर. एक आवर्तन झालं. दुसरं झालं.

मी भिंतीला धरून उभी. भीती वाटली का? नाही. खरंच नाही. मला वाटत होतं की मी जरा जरी हलले तर हे थांबेल. तरी सवयीने हात फोनकडे गेला – पुरावा! – आणि मी दारातूनच व्हिडिओ सुरू केला. बाबा लयीत होते, डोळे मिटलेले. पुढचं आवर्तन. खाली आली, टाकीतला आवाज एकटा निघाला, आणि समेवर एक मात्रा आधीच येऊन आदळला.

बाबांनी डोळे उघडले. कपाळावर आठी.

"चुकलीस!" ते म्हणाले.

मी जोरात ओरडले. फोन पडला. आपण बोललो हे कळल्यावर बाबांनी स्वतःच तोंडाला हात लावला. मी त्यांच्या पायाशी बसून हसत होते, रडत होते, "परत म्हणा, बाबा परत म्हणा!" आणि ते जड जिभेने, पण स्पष्ट – "चुक-लीस." मी चुकलेच नव्हते, पण मला एवढं छान कधी वाटलं नव्हतं.

अमेयला फोन केला. त्याला वाटलं काहीतरी वाईट झालं, तो रिक्षातच ओरडायला लागला, "काय झालं? काय झालं?" मी म्हटलं, "बाबा बोलले!" "काय बोलले?" "चुकलीस!" "कोण चुकलं?" "पैलवान!" त्याने रिक्षावाल्याला लवकर घ्यायला सांगितलं.

घरी आल्यावर त्याने आधी बाबांना मिठी मारली, मग टाकीत टॉर्च मारून बघितलं. मी विचारलं काय, तर बोट दाखवलं. नळीच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, कात पडलेली – डोळ्यांसकट, हातांसकट, पारदर्शक. आणि पैलवान आत कुशीवर, फिकट, मऊ.

"हे तू व्हिडिओ काढल्यानंतर झालं असेल," तो म्हणाला. मी व्हिडिओ लावला. ठेका ऐकू येतोय. बाबांचा हात दिसतोय. आणि मागे टाकीत कात आधीच टाकलेली, पैलवान कुशीवर, हात दुमडलेले. ठोका पडतो... तो हलत नाही. परत पडतो... नाही हलत.

हेमंतला पाठवला. त्याचा लगेच फोन. "वहिनी, हा आवाज मागून टाकलाय ना? असा मऊ असताना त्याने एक जरी ठोसा मारला तर त्याचाच हात मोडेल."

मग मी माझं काम केलं. वरचा फ्लॅट – बंद, ते लोक गावाला गेलेले. खालचे – झोपलेले. टाकीचा हीटर, मोटर – लाईटच नव्हते. बॅटरीचा पंप मी दुसऱ्या दिवशी लावून कान देऊन बसले, नुसती बुडबुड. पाईप, खिडकी, कडी, सगळं तपासलं. आत्याला, म्हणजे बाबांच्या बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं वहिनीच ती, तुझी आई. दुसरं कोण असणार!" मी म्हटलं, "आत्या, आईला आरतीत टाळ्यासुद्धा धड वाजवता यायच्या नाहीत." तर म्हणते, "मग? चुकलंच ना शेवटी?"

पुढे पैलवान कडक झाला, तिसऱ्या फोडायला लागला, नेहमीसारखी एखादी टक्. पण ठेका परत कधी नाही. मी स्वतः सोफ्यावर वाजवून बघितलं. तो एका डोळ्याने माझ्याकडे आणि दुसऱ्याने भिंतीकडे बघत राहिला.

बाबा मात्र बोलायला लागले. थेरपिस्टचं नशीब उघडलं – चित्रं बाजूला ठेवून ती त्यांच्याकडून तबल्याचे बोल म्हणून घ्यायला लागली. धा म्हणता म्हणता धाकटा, ना म्हणता म्हणता नाश्ता, असं करत वाक्यांपर्यंत आले. आता रोज अमेयशी राजकारणावर वाद घालतात. उजवा हात अजून पूर्ण आला नाहीये, पण चहाचा कप धरतात.

हे सगळं स्थिरस्थावर झाल्यावर एकदा संध्याकाळी मी धीर करून विचारलं. "बाबा, त्या दिवशी तुमच्याबरोबर कोण वाजवत होतं?"

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "म्हणजे? तूच ना? मला वाटलं, आतून कशावर तरी वाजवते आहेस. मला उठवायला."

"मी बादल्या धूत होते, बाबा. नंतर दारात उभी होते."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. घाबरले नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही, टाकीकडेही बघितलं नाही. नीट विचार केला, जसा ते पूर्वी एखाद्या विद्यार्थ्याबद्दल करायचे तसा. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले –

"मग जो कोणी होता, त्याला म्हणावं, हात चांगला आहे. पण समेवर यायची घाई करतोस. रियाज वाढव."

निरोप अजून माझ्याकडेच आहे. द्यायचा कोणाला, ते काही कळलेलं नाही.