कूलरची खिडकी

अन्याय आत्यावर झाला. यंदाच्या अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जेवणं उरकल्यावर, भर दुपारी, अकोल्यातल्या आमच्याच घरात. करणारं बाहेरचं कुणी नव्हतं, म्हणून पत्रक काढता येत नाही. अमरावतीत मी राहते, तिथं झाडांसाठी, नळांसाठी बरीच पत्रकं काढली. घरच्यांविरुद्ध कसं लिहायचं हे कुणी शिकवलं नाही, आणि खरं सांगते, आता ओरडायची ताकदही उरलेली नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. माझ्या जन्माच्या आधीपासून ती समोरच्या खोलीत राहते. त्या खोलीला एकच खिडकी, कारण दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. खिडकीबाहेर ओसरी, ओसरीत लोखंडी स्टँड, स्टँडवर कूलर. चैत्र लागला की आत्या त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलायची, सकाळीच टाकी भरून ठेवायची. बाहेरची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून आत यायची आणि त्या खोलीत माणसाला दुपार काढता यायची. एसी दादाच्या खोलीत आहे. आत्याचे गुडघे त्यात धरतात.

गेल्या दिवाळीनंतर दादानं ओसरी काचेनं बंद करायची ठरवली. "सनरूम म्हणतात याले," मोबाइल पुढे करत तो म्हणाला. चित्रात वेताच्या खुर्च्या होत्या, कुंड्या होत्या आणि काचेबाहेर बर्फ पडला होता. बर्फ! ज्या गावात होळीनंतर लोक दुपारचं दार उघडत नाहीत, तिथं आम्ही ऊन घरात घ्यायला सव्वादोन लाख मोजले. ॲल्युमिनियमच्या चौकटी, काचा, वर पारदर्शक पत्रे.

हिवाळ्यात छान वाटलं, खोटं कशाला बोलू? आत्या सकाळी तिथं तुरीच्या शेंगा सोलत बसायची आणि गल्लीतल्या प्रत्येकाला काचेतूनच हटकायची. "आता मी शोकेसमधली बाहुली आहो," म्हणायची.

होळी झाली आणि खरा खर्च सुरू झाला. काचांना काळी फिल्म. मग पडदे. मग पत्र्यांवर हिरवी जाळी. मग एक्झॉस्ट फॅन. ऊन आत घ्यायला एकदा पैसे दिले होते, तेच बाहेर ठेवायला पुन्हा पुन्हा देत राहिलो. आणि या सगळ्या बेरजेत कूलर कुठंच नव्हता. तो होता तिथंच होता, पण तिथं आता बाहेर उरलं नव्हतं. काचेत कोंडलेली, तापलेली हवा ओली करून तो आत्याच्या अंगावर टाकायचा. भाताच्या पातेल्यावर तोंड धरावं तशी वाफ. चादर दमट, उशी दमट. काचा सरकवाव्यात तर अर्ध्याच सरकायच्या, आणि नव्या खुर्च्यांवर धूळ बसते म्हणून वहिनी त्याही लावून घ्यायची.

अखाजीला वहिनीचे आईवडील आले. दादानं कौतुकानं त्यांना सनरूममध्ये बसवलं. दोन मिनिटांत वहिनीच्या वडिलांनी दुपट्ट्यानं मान पुसली.

"झकास केलं, जावईबापू. पापड भाजाले आता ग्यास नाई लागत."

सगळे हसले. वहिनीसुद्धा. दादाचे कान लाल झाले. जेवणं आतच झाली. नंतर आत्या डोक्यावर ओला पंचा घेऊन खोलीतून बाहेर आली, आणि मघाचा राग दादानं तिच्यावर काढला, पाहुण्यांसमोर.

"आत्या, सोसत नसन तं उन्हायाभर शेंदूरजनाघाटले जाय. तुह्या दिराकडं. संत्र्याच्या बागा हायेत, थंडक हाये."

आत्यानं पंचा मानेवर ओढला. "त्या घरातून मी निघाली तवा तू जन्मला नव्हता, बाबू. मले कुठं पाठवू नको. माही खिडकी मोकळी करून दे."

"एवढा पैसा लावला तो काय तोडाले?"

पाहुण्यांनी बडीशेप चघळली. विषय संपला.

पुढच्याच आठवड्यात, दिवेलागणीला, वावधन सुटलं. मी अजून अकोल्यातच होते. मूर्तिजापूरच्या बाजूनं आभाळ मातकट झालं, दारं आपटली, लाइट गेली, आणि वरचे पत्रे एकामागून एक उचलले गेले. एक शेजारच्या टाकीवर जाऊन आदळला. समोरची मोठी काच आत कोसळली. कुणाला लागलं नाही. मी बॅटरी घेऊन आत्याच्या खोलीत धावले, तर कूलर बंद, पंखा बंद, आणि खिडकीतून गार वारा थेट तिच्या खाटेवर येत होता. ती गाढ झोपली होती, तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबलेला. एवढ्या गोंधळात. किती दिवसांची झोप ती.

सकाळी दादा काचा झाडत होता. मी म्हटलं, "दादा, आता राहू दे असंच."

"कच्चं होतं म्हणून उडालं. आता जाड काच लावू, वर स्लॅबच टाकू."

"आणि आत्याचा कूलर?"

"तुले घरातबी मोर्चाच काढाचा हाये काय? दोन दिवस येतं अन् भाषण देऊन जातं."

आतून आत्या म्हणाली, "बोलू दे तिले. मी तं बोलून थकली."

सोमवारी माप घेणारा येतो आहे. वहिनीनं माळ्यावरून आत्याची बॅग काढून खाटेखाली ठेवली आहे. आत्या रोज झाडताना ती पायानं मागे सरकवते.

दादा माझं ऐकणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्याकडेही ओसरी, गॅलरी बंद करायची बोलणी चालली असतील. पैशांचा हिशोब नंतर करा. आधी भर दुपारी त्या खिडकीमागच्या खोलीत जा, दार लोटून बसा. तिथं जे माणूस झोपतं त्याला विचारा. ते नाही म्हणालं, तर माप घेणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.